इतिहासाचार्य कै. वि. का. राजवाडे

घरोघरच्या माळ्यावरील जुनी दप्तरे हीच महाराष्ट्राची खरी दौलत, असे मानून ती जपण्यासाठी देह झिजविणारे थोर पुरुष म्हणजे विश्वनाथ काशीनाथ राजवाडे. त्यांचा जन्म २४ जून १८६३ रोजी झाला. पुण्यास शिकून ते बी. ए. झाले. तारुण्यातच पत्नी निवर्तल्यावर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही.

वाळवी, पाऊस व अनास्था यांमुळे मोडी कागद नष्ट होत होते. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, लोकांची मनधरणी करून ते मिळविले. पानिपतच्या काळातील पत्रांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हा पहिला खंड १८९८ साली निघाला; पुढे असे २२ खंड झाले. ज्ञानेश्वरीची जुनी पोथी शोधून त्यांनी १९०९ साली छापविली.

एकट्याने हे कार्य पुरे होणारे नव्हे. म्हणून ७ जुलै १९१० रोजी सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. अभ्यासू माणसास अस्सल कागद पाहण्याची व सभेत आपला शोध मांडण्याची सोय तेथे झाली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे देहावसान झाले.

मंदिराचा जीर्णोद्धार करताना हे स्मरण ठेवावे. शिलालेखावर रंग चढवू नये, वीरगळ पायात गाडू नये, जुने दप्तर जाळू नये. गावाचा इतिहास त्यांतच आहे.