चार रुपयांच्या मास्तरीणबाई

तीन जानेवारीला आमच्या जालना जिल्ह्यात गावोगावी सावित्रीमाईंना अभिवादन होते. आम्हीही बोलायला जातो. बहुतेक भाषणे सावित्रीमाईंपासून निघतात आणि थेट आजच्या कलेक्टरबाईंवर येऊन थांबतात. मधल्या बाया कुठे गेल्या? नागपूरच्या जाईबाई चौधरी त्यांतल्याच एक. सावित्रीमाई साऱ्या बहुजनांची माय, तर जाईबाई म्हणजे आपल्याच घरातली आजी म्हणावी अशी शिक्षिका.

जाईबाईंचा जन्म १८९२ साली उमरेडच्या महार कुटुंबात झाला. १८९६ च्या दुष्काळाने हे कुटुंब नागपूरला आले. तिथे जाईबाई चौथीपर्यंत शिकल्या आणि १९०१ मध्ये, अवघ्या नवव्या वर्षी, बापूजी चौधरी यांच्याशी त्यांचे लग्न लागले. त्या वेळी हे लग्न रोखणारा कायदाच नव्हता, शारदा कायदा आला तो १९२९ साली. घर चालवण्यासाठी जाईबाईंनी नागपूर स्टेशनवर हमाली केली. तिथे ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंची नजर त्यांच्यावर गेली. अक्षरओळख असलेली ही बाई ओझी वाहते, हे पाहून त्यांनी जाईबाईंना मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून घेतले. पगार महिना चार रुपये.

मग सवर्ण पालक खवळले. अस्पृश्य बाई आपल्या लेकरांना शिकवते म्हणजे काय! शाळेवर बहिष्कार पडला आणि जाईबाईंची नोकरी गेली. वाचकांनी इथे जरा थांबावे. स्टेशनवर याच बाईने सामान उचलले तेव्हा कुणाचे काही बाटले नव्हते. त्याच हातात खडू आला आणि धर्म बुडाला! आक्षेप स्पर्शाला नव्हताच, तो त्या खुर्चीला होता.

जाईबाई अर्ज-विनंत्या करत बसल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी स्वतःची शाळा काढली, संत चोखामेळ्याच्या नावाने. आज काही कार्यकर्त्यांना हे नाव खटकते. पण येवल्याची घोषणा १९३५ ची आणि धम्मदीक्षा १९५६ ची. १९२२ मध्ये आपल्या माणसांना स्वाभिमानाने घेता येईल असे जे नाव होते, ते त्यांनी घेतले. आमच्या मराठवाड्यात त्या काळी निजामाचे राज्य होते. बाबासाहेबांचे मिलिंद महाविद्यालय औरंगाबादेत आले १९५० साली. त्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी एका हमाल बाईने हे धाडस केले होते.

१९३० च्या नागपूरच्या दलित महिला परिषदेत त्या मुलींच्या शिक्षणावर बोलल्या. डिसेंबर १९३७ मध्ये नागपुरातच अखिल भारतीय महिला परिषद भरली. स्त्रियांच्या समतेच्या गोष्टी करणाऱ्या त्या मंडपात जेवायला मात्र जाईबाईंना वेगळे बसवले. पंचेचाळिशीची, शाळा चालवणारी बाई! १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी सभा घेऊन या अपमानाचा निषेध केला. भीमा-कोरेगावचा तो दिवस, हेही लक्षात ठेवावे. या साऱ्या बाया विस्मृतीत गेल्या असत्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये त्यांचा इतिहास पुस्तकात आणला म्हणून आपल्याला ठाऊक तरी आहेत.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जालन्यातील वीस ते चोवीस वयाच्या सुमारे एक तृतीयांश स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. मंठा, परतूरकडे दिवाळीच्या आगेमागे कोयते निघतात. लेकरू मागे राहते ते आजीच्या भरवशावर. पोर वयात आली की म्हातारीला धास्ती, आणि धास्तीपोटी सोयरीक. त्या आजीला दोष देऊन भागणार नाही. हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीने कोयता निघण्याआधी करायची असते, नंतर नव्हे. २००६ च्या कायद्याने गावपातळीवर बालविवाह थांबवण्याची जबाबदारी ज्याच्यावर येते, तो अधिकारी ग्रामपंचायतीतच बसतो. आपण त्याला अजून ग्रामसेवकच म्हणतो. त्याने दाद दिली नाही तर १०९८ हा क्रमांक आहे. या तीन जानेवारीला सावित्रीमाईंच्या शेजारी जाईबाईंची तसबीर लावाल, तेव्हा हा क्रमांकही खाली मोठ्या अक्षरांत लिहा.