कोळशाने पाणी गोडे करणारा टोबियास

इसवी सन १७७४. रशियात पुगाचोव्हच्या बंडाचा वणवा पेटला होता. व्होल्गा नदीच्या प्रदेशात मोजणीचे काम करणारे जर्मन खगोलशास्त्रज्ञ गेओर्ग मोरिट्झ लोविट्झ बंडखोरांच्या हाती सापडले आणि त्यांना फासावर लटकवण्यात आले. मागे राहिला सतरा वर्षांचा मुलगा, टोबियास.

परक्या मुलखात पोरक्या झालेल्या या पोराला पुढे सेंट पीटर्सबर्गच्या शाही औषधशाळेने आसरा दिला. औषधे कुटता-गाळताना तो रसायनशास्त्र शिकला. मध्यंतरी शिक्षणासाठी जर्मनीत गेला, युरोपात पायी भटकला आणि पुन्हा त्याच औषधशाळेत परतला.

१७८५ साली तो टार्टारिक आम्लाचे स्फटिक करत होता. हे आम्ल आपल्या चिंचेतही असते. द्रावण आटवले की काळपट पडे. टोबियासने त्यात लाकडी कोळशाची पूड घालून ते गाळले आणि खाली उतरले ते नितळ! मग त्याला ध्यासच लागला. मद्य, पाक, सडके पाणी, जे हाती येईल ते त्याने कोळशातून काढले. लांबच्या सफरीवरील जहाजांत पिंपातले पाणी सडत असे. खलाशांच्या जिवाशी गाठ असलेल्या त्या पाण्यावर त्याने कोळशाचा उतारा सुचवला. १७९४ साली इंग्लंडातले साखर कारखानदार कोळशाने साखर उजळवू लागले.

कोळशाच्या अंगात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांच्या भिंतींना रंग, वास आणि सेंद्रिय घाण चिकटून बसते. यालाच अधिशोषण म्हणतात. तिवईवर एकावर एक माठ ठेवून कोळसा आणि वाळूतून पाणी झिरपवण्याची युक्ती शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी पाहिली आहे. तिथे टोबियासचे नाव मात्र कुणी घातले नाही.

विज्ञान अकादमीचा मान मिळाला, पण संसाराने त्याला सुख दिले नाही. पत्नी आणि मुलांच्या मृत्यूचे घाव सोसून १८०४ साली, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

आता काळाची गंमत पाहा. ज्या कोळशाने साखर शुद्ध केली, त्याच्या जोडीला आज साखरच पाणी शुद्ध करायला उभी आहे. पिष्टापासून ग्लुकोजच्या कड्यांचे एक कंकण तयार होते, ते सायक्लोडेक्स्ट्रिन. त्याची बाहेरची बाजू पाण्याशी सलगी करते, आतली पोकळी तेलकट रेणूंना कवेत घेते. २०१६ साली अमेरिकेत विल्यम डिक्टेल यांच्या गटाने अशी कंकणे एकमेकांत गुंफून सच्छिद्र चूर्ण बनवले. काही प्रदूषके त्याने कोळशापेक्षा कितीतरी झपाट्याने टिपली.

हिवरखेडसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातील वाचकाला साहजिकच वाटेल, मग आमच्या अकोल्याच्या खारपाणपट्ट्याचे काय? तिथे ना कोळसा कामाचा, ना हे कंकण. विरघळलेले मीठ दोघांच्याही हाती लागत नाही. कपाशीवर फवारलेल्या औषधांची गोष्ट निराळी. २०११ साली बंदी आलेल्या एंडोसल्फानसारखी चिवट विषे सेंद्रिय असतात आणि अधिशोषणाचा मार्ग अशांसाठीच आहे. वापरलेला कोळसा पुन्हा कामाचा करायला भट्टीची प्रखर आच लागते. साखरेचे चूर्ण मिथेनॉलने साध्या तापमानालाच धुता येते. तरीही घरोघरच्या गाळणयंत्रांत अजून टोबियासचा कोळसाच आहे. तो स्वस्त आहे ना!