कासाब्लांकाचा काळा मोती

नेपल्सच्या मैदानावर ४ डिसेंबर १९३८ रोजी इटली आणि फ्रान्स आमनेसामने आले, तेव्हा प्रेक्षकांनी एकाच खेळाडूला लक्ष्य केले होते. इटली त्याच वर्षी दुसऱ्यांदा जगज्जेती झाली होती. देशावर मुसोलिनीची सत्ता होती, वंशभेदाचे कायदे नुकतेच अमलात आले होते आणि फ्रान्सच्या निळ्या पोशाखात एक कृष्णवर्णीय मोरोक्कन तरुण उभा होता. हुर्यो उडवणाऱ्या त्या गर्दीला त्याने फ्रान्सचे राष्ट्रगीत खणखणीत आवाजात गाऊन उत्तर दिले, अशी हकिगत फ्रेंच फुटबॉलमध्ये आजही सांगितली जाते. फ्रान्सने तो सामना ०-१ असा गमावला. लार्बी बेन बारेकची आंतरराष्ट्रीय कारकीर्द त्या दिवशी सुरू झाली. ज्या देशाचे गीत त्याने गायिले, त्या देशाचा तो नागरिक मात्र नव्हता.

मोरोक्को १९१२ पासून फ्रान्सचे संरक्षित राज्य होते. तेथील रहिवासी फ्रान्सच्या संरक्षणाखालील, पण फ्रेंच नव्हेत. बेन बारेकचा जन्म कासाब्लांकातला. बहुतेक नोंदींत जन्मवर्ष १९१७ आहे, तर काहींत १९१४. हा फरक किरकोळ वाटला तरी पुढे त्याच्या वयाचा हिशेब मांडताना तो महत्त्वाचा ठरतो. लहानपणीच पोरका झालेला हा मुलगा गल्लीबोळांत अनवाणी खेळत मोठा झाला आणि पोटासाठी सुतारकाम शिकला. शहरातील एका छोट्या क्लबकडून तो युनियन स्पोर्तिव्ह मारोकेनमध्ये, म्हणजेच ‘यूएसएम’मध्ये गेला. १९३७ मध्ये मोरोक्कोच्या निवडक संघाकडून फ्रान्सच्या ‘ब’ संघाविरुद्ध खेळताना तो फ्रेंच जाणकारांच्या नजरेत भरला. पुढच्याच वर्षी मार्सेय क्लबने त्याला बोलावून घेतले.

मार्सेयमध्ये एकाच मोसमात त्याने नाव कमावले. साखळीत संघ दुसरा आला. इनसाइड फॉरवर्डच्या जागेवर खेळणारा बेन बारेक दोन्ही पायांनी सारख्याच सहजतेने चेंडू हाताळत असे. बचावपटूला चकवण्यात त्याचा हात धरणारा त्या काळी फ्रान्समध्ये क्वचितच कुणी असेल. वृत्तपत्रांनी त्याला ‘काळा मोती’ म्हटले. पुढे पेलेलाही हेच बिरुद मिळाले. त्यात कौतुक होते हे खरे, पण गोऱ्या खेळाडूला कुणी ‘पांढरा मोती’ म्हटल्याचे ऐकिवात नाही.

मग महायुद्ध आले. खेळाडूच्या आयुष्यातील ऐन उमेदीची जी पाच-सहा वर्षे असतात, ती बेन बारेकने कासाब्लांकात परत येऊन जुन्या क्लबकडून खेळण्यात घालवली. तेथे तो अनेक सामने गाजवत राहिला, पण ते पाहायला युरोप नव्हता. या वर्षांतले त्याचे चित्रणही जवळपास नाही. त्याच्या थोरवीचा पुरावा मागणाऱ्यांची अडचण नेमकी येथे होते.

१९४५ मध्ये त्याला पॅरिसच्या स्ताद फ्रान्से क्लबने घेतले. तेथे प्रशिक्षक होते हेलेनियो हेरेरा. पुढे इंटर मिलानला युरोपचे अजिंक्यपद मिळवून देणारे हेच हेरेरा जन्माने अर्जेंटिनाचे असले तरी वाढले कासाब्लांकातच. दोघांची नाळ जुळली. १९४८ मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदने १ कोटी ७० लाख फ्रँक मोजून बेन बारेकला स्पेनला नेले. त्या काळी ही रक्कम डोळे विस्फारणारी होती. एखादे राष्ट्रीय स्मारकच परदेशी विकले जात असल्याचा सूर तेव्हा फ्रेंच वृत्तपत्रांतून उमटला.

माद्रिदमधील वर्षे ही त्याच्या क्लब कारकिर्दीचा कळस ठरली. हेरेराही मागोमाग तेथे आले. युन्कोसा, बेन बारेक, पेरेस-पाया, स्वीडनचा कार्लसन आणि एस्कुदेरो या पाच जणांच्या फळीला स्पॅनिश रसिकांनी ‘काचेची आघाडी’ असे नाव दिले. १९४९-५० आणि १९५०-५१ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे अ‍ॅटलेटिकोने पटकावली. स्पॅनिश साखळीत बेन बारेक शंभरहून अधिक सामने खेळला आणि त्याने पन्नासहून अधिक गोल केले.

तो विकला गेला म्हणून हळहळणाऱ्या फ्रान्सच्या निवड समितीला या सहा वर्षांत त्याची एकदाही आठवण झाली नाही. स्वतःचा म्हणावा असा दुसरा राष्ट्रीय संघही त्याला नव्हता. स्वतंत्र मोरोक्को अजून जन्मायचा होता.

१९५३ मध्ये तो मार्सेयला परतला. पुढल्या वर्षी संघ फ्रेंच करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि नीसकडून १-२ असा हरला. सप्टेंबर १९५४ मध्ये अल्जीरियातील ऑर्लेआंव्हिल शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. आपद्ग्रस्तांच्या मदतीसाठी ७ ऑक्टोबरला पॅरिसमध्ये उत्तर आफ्रिकेचा निवडक संघ फ्रान्सविरुद्ध खेळला. फ्रान्सच्या भूमीवर, फ्रान्सच्या विरोधात उतरलेल्या बेन बारेकचा संघ ३-२ असा जिंकला. वयाची चाळिशी जवळ आलेल्या या खेळाडूचा खेळ पाहून निवड समितीचे डोळे उघडले आणि अवघ्या नऊ दिवसांनी, हॅनोव्हरमध्ये जगज्जेत्या पश्चिम जर्मनीविरुद्ध तो पुन्हा निळ्या पोशाखात दिसला. अर्ध्या तासाच्या आत दुखापतीमुळे त्याला मैदान सोडावे लागले. त्याच्या जागी आलेल्या फोआने दोन गोल केले आणि फ्रान्सने सामना ३-१ असा जिंकला.

पहिल्या सामन्यापासून या शेवटच्या सामन्यापर्यंत १५ वर्षे आणि १० महिने उलटले होते. फ्रान्सकडून खेळणाऱ्या कुणाचीही आंतरराष्ट्रीय कारकीर्द इतकी लांबलेली नाही. सामने मात्र अवघे १७, आणि गोल तीन.

१९५६ मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाला. १९५७ मध्ये नव्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षणाची धुरा बेन बारेककडे आली. ज्या देशाकडून खेळणे त्याच्या नशिबी नव्हते, त्या देशाचा संघ त्याने उभा करायला घेतला. त्यानंतरची वर्षे हळूहळू विस्मृतीत गेली. पेलेने त्याला स्वतःहून थोर मानले होते, ही कथा नंतर वारंवार छापून आली. ती खरी असो वा नसो, तिच्यामुळे म्हाताऱ्या बेन बारेकचे दिवस पालटले नाहीत. पैसा टिकला नव्हता आणि सोबतीला कुणी उरले नव्हते.

१६ सप्टेंबर १९९२ रोजी कासाब्लांकातील घरी त्याचा मृत्यू झाला. तो घरात एकटाच होता. त्याचा मृतदेह आढळला तो काही दिवसांनी. सहा वर्षांनंतर, १९९८ मध्ये, फिफाने त्याला मरणोत्तर ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ दिली. कासाब्लांकातील एका मैदानालाही आता त्याचे नाव आहे.