येनाचे अर्न्स्ट आबे : दृष्टीची सीमा आखणारा शास्त्रज्ञ

येना शहराची कीर्ती झाइसच्या भिंगांमुळे. त्या भिंगांमागचे गणित अर्न्स्ट आबे यांचे. २३ जानेवारी १८४० रोजी आयझेनाख येथे त्यांचा जन्म झाला. वडील सूतगिरणीत दिवसाचे चौदा-चौदा, सोळा-सोळा तास उभ्याने राबत. दुपारचे जेवण घेऊन जाणारा मुलगा ते पाहत असे.

१८६६ मध्ये येना विद्यापीठातील या तरुण अध्यापकाला कार्ल झाइस यांनी मदतीस बोलावले. तोवर सूक्ष्मदर्शकाची भिंगे कारागिराच्या अंदाजाने घडत. आबे यांनी त्यांना सिद्धान्ताचा आधार दिला आणि १८७३ मध्ये एक कटू सत्यही मांडले : सुमारे ०.२ मायक्रोमीटरहून जवळ असलेले दोन बिंदू साध्या प्रकाशात वेगळे दिसणार नाहीत, भिंग कितीही उत्तम असो.

क्षयाच्या जिवाणूची जाडी ०.२ ते ०.५ मायक्रोमीटर, म्हणजे अगदी या सीमेच्या काठावरची. आबे यांचे प्रकाशसंग्राहक भिंग आणि तेलाच्या थेंबातून पाहणारे नवे भिंग हाती आले, म्हणून रॉबर्ट कॉख यांना तो जिवाणू दिसला. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये त्यांनी तो शोध जाहीर केला.

कॉख यांचे १८९० चे ट्यूबरक्युलिन औषध म्हणून फसले, पण निदानासाठी टिकले. मराठी घरांना परिचित असलेली माँटू चाचणी त्यावरच उभी आहे. टोचल्यावर दोन-तीन दिवसांनी हातावर उठणारी गाठ ही टी पेशींची करणी. या पेशींना अख्खा जिवाणू ओळखता येत नाही. भक्षक पेशी त्याला गिळते, त्याच्या प्रथिनांचे तुकडे करते आणि एकेक तुकडा एमएचसी रेणूच्या खाचेत बसवून आपल्या पृष्ठभागावर मांडते. टी पेशीचा ग्राही तुकडा आणि खाच मिळूनच ओळखतो. ही भेट काही नॅनोमीटरांत घडते, आबे यांच्या सीमेच्या कितीतरी खाली. तिचा परिणाम मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

झाइस यांच्या निधनानंतर, १८८९ मध्ये, आबे यांनी कार्ल झाइस प्रतिष्ठान स्थापले आणि पुढे कारखान्यातील आपली मालकी त्याच्या स्वाधीन केली. हे त्यांचे कार्य भिंगांहून लहान मानू नये. १९०० मध्ये तेथे आठ तासांचा दिवस सुरू झाला; वडिलांच्या दिवसाच्या जेमतेम निम्मा. क्षय दाट वस्तीतल्या कष्टकऱ्यांना सर्वाधिक गाठत असे, त्या काळातली ही गोष्ट.

१४ जानेवारी १९०५ रोजी आबे येनातच निवर्तले. त्याच वर्षअखेर कॉख यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आदल्या वर्षी झाइस कारखान्याने तैलभिंगांपैकी दहा हजारावे त्यांना भेट दिले होते.