दादासाहेबांनी मागितलेला हक्क

आंबे दिंडोरी येथे १९०२ साली जन्मलेले कर्मवीर दादासाहेब गायकवाड आपल्याला काळाराम मंदिर सत्याग्रहामुळे ठाऊक आहेत. आपल्या मुलांच्या कॉलेज प्रवेशामागेही त्यांचा लढा आहे.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती नाकारल्या गेल्या. महाराष्ट्राने राज्यापुरत्या दिल्या, केंद्राने नाही. आपण धर्म बदलला, पण समाजाने जात पाहणे सोडले नव्हते. म्हणून १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहाच्या मागण्यांत दादासाहेबांनी जमिनीसोबत हा हक्कही मागितला.

१९७१ साली ते गेले. केंद्राचा कायदा १९९० साली झाला. तोवर एक पिढी शिकण्याच्या वयातून पुढे गेली होती.

नाशिकच्या वस्त्यांत प्रवेशअर्ज भरताना आम्ही मुलांना हेच सांगतो: जातीच्या रकान्यात लिहायला लाजू नका. ती भीक नाही, लढून मिळवलेला हक्क आहे. दादासाहेबांना विनम्र अभिवादन!