पातळ थर : मॅक्स फॅक्टरची गोष्ट

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या एकांकिकेत मी नवरीचं काम केलं. परीक्षा नुकतीच झालेली, डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. मेकअप करायला आलेल्या काकांनी ती झाकायला पॅनकेकचे थरावर थर चढवले. पहिला प्रवेश छान गेला. दुसऱ्या प्रवेशात मी हसले आणि डोळ्यांखाली भेगा पडल्या, उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या. पहिल्या रांगेतल्या मैत्रिणींनी झूम करून काढलेले ते फोटो अजून ग्रुपवर फिरतात.

पॅनकेक हा शब्द आपण नाटकवाले सर्रास वापरतो. सीबीएसईच्या मुलांनी बारावीला अशोकमित्रन यांचा जेमिनी स्टुडिओवरचा धडा वाचला असेल, त्यातही तो आहे. पण त्यामागे एक माणूस आहे आणि त्याचं निम्मं आयुष्य या भेगांशीच भांडण्यात गेलं, हे मला त्या फोटोंच्या रागातून शोधाशोध करताना कळलं.

मॅक्सिमिलियन फाक्तोरोविच हे त्याचं मूळ नाव. जन्म १८७० च्या दशकात, पोलंडमधल्या लोड्झ शहराच्या बाजूला, एका गरीब ज्यू कुटुंबात. तो मुलूख तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होता. शाळेचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून आठव्या वर्षी त्याला एका दातांच्या आणि औषधांच्या दुकानात कामाला ठेवलं. पुढच्याच वर्षी तो टोप बनवणाऱ्याकडे शिकायला गेला. जाळीत एकेक केस ओवून गाठ मारायची, दिवसभर. नजर आणि बोटं तिथे तयार झाली. मग बर्लिन, मग मॉस्को, सैन्यातली सक्तीची नोकरी, आणि शेवटी रियाझान गावात स्वतःचं छोटं दुकान. टोप, क्रीम, रूज, अत्तरं, सगळं हाताने बनवलेलं.

एका नाटक मंडळीमुळे त्याचं काम दरबारापर्यंत पोचलं आणि तो राजघराण्याच्या ऑपेराचा रंगभूषाकार झाला. ऐकायला भारी वाटतं, पण ती सोन्याच्या पिंजऱ्यातली नोकरी होती. येण्याजाण्यावर पहारा असायचा. त्याने लग्नसुद्धा लपून केलं. बायको एस्तर आणि तीन मुलं दरबाराच्या नजरेआड राहत होती. बाहेर ज्यूंवर हल्ले वाढत चालले होते. त्याच्या सुटकेची हकीकत कायम सांगितली जाते ती अशी : त्याने चेहऱ्याला पिवळट रंग लावून कावीळ झाल्याचं सोंग केलं, डॉक्टरांनी हवापालटासाठी कार्ल्सबादला पाठवलं, आणि तिथून पहारेकऱ्यांना चुकवून सगळं कुटुंब रानातून बंदराकडे निघालं. यात थोडं तिखटमीठ असेलही. पण सगळा जन्म चेहऱ्यावरचे दोष झाकण्यात घालवलेल्या माणसाने सर्वांत महत्त्वाचा मेकअप आजारी दिसण्यासाठी केला, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

१९०४ मध्ये तो अमेरिकेत उतरला. नाव आखडून मॅक्स फॅक्टर झालं. त्याच वर्षी सेंट लुईसच्या जागतिक मेळ्यात त्याने दुकान मांडलं, तर भागीदार माल आणि पैसे घेऊन पळाला. १९०६ मध्ये एस्तर गेली. पुढच्या दोन वर्षांत आणखी दोन लग्नं झाली, त्यातलं पहिलं टिकलं नाही. १९०८ मध्ये तो लॉस एंजेलिसला आला. सिनेमा तेव्हा नुकता रांगायला लागला होता.

सिनेमावाले रंगभूमीचाच मेकअप वापरत होते : कांडीतलं घट्ट ग्रीजपेंट, वर भरपूर पावडर. नाटकात प्रेक्षक लांब असतो, त्याला भेग दिसत नाही. कॅमेरा मात्र थेट नाकासमोर येतो आणि चेहरा भिंतीएवढा करून दाखवतो. नट हसला की रंग तडकायचा. (माझ्या मैत्रिणींच्या मोबाईलने तेच केलं!) शिवाय त्या काळच्या फिल्मला लाल रंग कळत नसे. लाल ओठ काळे दिसत, गालांवरची लाली म्हणजे डाग.

१९१४ मध्ये मॅक्सने बाटलीतलं क्रीमसारखं ग्रीजपेंट तयार केलं, बारा छटांमध्ये. ते पातळ पसरायचं आणि कातडीबरोबर हलायचं. खरी युक्ती एवढीच आहे आणि आजच्या कन्सीलरलाही तीच लागू पडते. डोळ्यांखालची त्वचा पातळ असते आणि दिवसभर हलत असते. जाड थर तिच्याबरोबर वाकत नाही, बारीक सुरकुतीत गोळा होतो आणि तडकतो. म्हणून ठिपक्याएवढं घ्यायचं, घासायचं नाही, थोपटून बसवायचं. जरा थांबायचं. गरज वाटली तरच दुसरा थर, आणि पावडर अगदी नावाला.

नवं ग्रीजपेंट लावून घ्यायला चॅप्लिन, कीटन यांच्यासारखे विनोदी नट त्याच्या दुकानात यायला लागले. टोपांचा धंदाही चालू होताच. सेसिल डीमिलच्या द स्क्वॉ मॅन या चित्रपटाला त्याने खऱ्या केसांचे टोप भाड्याने दिले ते एका अटीवर : त्याच्या मुलांना एक्स्ट्रा म्हणून घ्यायचं. मुलांनी काम करता करता टोपांवर नजर ठेवायची. हा हिशेबी बाप मला फार आवडला.

१९२० मध्ये त्याने आपल्या मालाला मेकअप म्हणायला सुरुवात केली. तोवर तो शब्द नटनट्यांचा, घरंदाज बायकांनी उच्चारू नये असा. आपल्याकडे तरी काय, थोबाड रंगवणं याचा अर्थ वेगळाच होतो!

फिल्म बदलली की मॅक्सला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. १९२८ च्या सुमारास सगळे रंग पकडणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आणि नवे दिवे आले, त्याने नव्या छटा केल्या. मग टेक्निकलर आलं आणि ग्रीजपेंटची चमक नडायला लागली. शेजारी हिरवा पडदा असेल तर गालावर हिरवी झाक! १९३६ मध्ये मॅक्सला गाडीची धडक बसली, तेव्हा या कामाचा भार मुलगा फ्रँकने उचलला. तेलाऐवजी टाल्कवर भर देऊन डबीत वडीसारखा दाबलेला रंग तयार झाला. ओल्या स्पंजाने लावायचा, वाळला की चमक नाही, आणि थर इतका पातळ की खालची कातडी कातडीच वाटते. तोच पॅन-केक. १९३७ मध्ये व्होग्स ऑफ १९३८ या चित्रपटात तो वापरला, तर नट्या सेटवरून डब्या उचलून घरी न्यायला लागल्या. स्टुडिओच्या दिव्यांसाठीच्या छटा उन्हात गडद दिसत, म्हणून बाजारासाठी फिक्या छटा केल्या. म्हणजे दोष पॅनकेकचा नव्हता. काकांचा हात सैल होता.

१९३८ मध्ये मॅक्स युरोपात गेला असता पॅरिसमध्ये त्याला पैशांसाठी धमकीची चिठ्ठी आली. पोलिसांनी सापळा लावला, कोणी आलंच नाही. पण एकदा जीव मुठीत घेऊन पळालेला माणूस तो, त्याने हाय खाल्ली. आजारी अवस्थेत घरी परतला आणि ३० ऑगस्टला बेव्हर्ली हिल्समध्ये वारला. फ्रँकने स्वतःचं नाव बदलून मॅक्स फॅक्टर ज्युनिअर केलं. १९५४ मध्ये कंपनीने डोळ्यांखालची वर्तुळं झाकणारी इरेस नावाची कांडी काढली. आपल्या पर्समधल्या कन्सीलरची ती आजी.

हॉलिवूडमधली त्याची इमारत अजून उभी आहे, आता तिथे संग्रहालय आहे. १९३५ मध्ये ती उघडली तेव्हा केसांच्या रंगाप्रमाणे चार खोल्या केल्या होत्या : सोनेरी केसांना निळी, लाल केसांना पुदिन्यासारखी हिरवी, तपकिरी केसांना पीच, आणि काळ्या केसांना मळकट गुलाबी. चेहऱ्यांमधले एवढे बारीक फरक ओळखणारा हा माणूस, पण आपल्या अख्ख्या वर्गाला त्याने गव्हाळ, सावळी, काळीसावळी असं काही न बघता एकाच गुलाबी खोलीत बसवलं असतं.