अडीच टनांची लक्झरी एसयूव्ही हवेवर पेलली जाते, त्यामागे होता एक जनावरांचा डॉक्टर

मर्सिडीज जीएलएससारखी तीन रांगांची एसयूव्ही रिकामी असतानाच अडीच टनांच्या आसपास भरते. सात माणसं आणि बॅगा कोंबल्या की मामला तीन टनांवर जातो. हा भार टायरचं रबर उचलतं असं वाटतं, पण खरं काम करते आतली दाबलेली हवा. म्हणून अशा बऱ्याच गाड्यांच्या स्टिकरवर हवेच्या दाबाचे दोन आकडे असतात, एक नेहमीचा आणि दुसरा फुल्ल भरलेल्या गाडीसाठी. ट्रिपला निघताना हा दुसरा आकडा किती जण बघतात, हा प्रश्नच आहे.

चाकात हवा भरण्याची ही आयडिया जगभर पोचली जॉन बॉइड डनलॉप यांच्यामुळे. आपल्याकडे हे नाव ऐकलं की आधी गादी आठवते, पण हा माणूस मुळात जनावरांचा डॉक्टर. जन्म 1840 चा, स्कॉटलंडच्या ड्रेगहॉर्न गावातला. शिक्षण एडिनबराला झालं. 1867 मध्ये ते आयर्लंडला गेले आणि पुढे बेलफास्टमध्ये त्यांनी मोठी प्रॅक्टिस उभी केली.

त्यांच्या मुलाकडे तीन चाकांची सायकल होती. चाकांना भरीव रबर आणि रस्ते दगडी, त्यामुळे पोराची हाडं खिळखिळी व्हायची. डनलॉप यांनी एक लाकडी चकती घेतली, तिच्या कडेला रबरी नळी कापडात गुंडाळून ठोकली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग अंगणात दोन्ही चाकं ढकलून पाहिली. सायकलचं जुनं चाक थोडं जाऊन आडवं झालं. हवेचं चाक मात्र अंगणाच्या टोकापर्यंत गेलं आणि आदळून मागे उसळलं. 1888 मध्ये त्यांना पेटंट मिळालं.

लोक मात्र या जाडजूड टायरला हसले. मग 1889 मध्ये विली ह्यूम नावाचा सायकलपटू बेलफास्टच्या शर्यतीत हेच टायर लावून उतरला आणि जिंकत सुटला. हरलेल्यांमध्ये हार्वी डू क्रॉस या डब्लिनच्या उद्योजकाची मुलंही होती. पोरं का हरली हे बापाने बरोबर ओळखलं. त्याच वर्षी कंपनी उभी राहिली आणि सूत्रं डू क्रॉस यांच्याकडे गेली. डनलॉप यांनी थोडी रक्कम आणि थोडे शेअर्स घेऊन हक्क देऊन टाकले.

आणि मग आला खरा झटका. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने हवेच्या चाकाचं पेटंट 1845 मध्येच घेतलेलं निघालं. त्यांनी ते घोडागाडीला लावूनही दाखवलं होतं. पण तेव्हा आजच्यासारख्या सायकली नव्हत्या आणि खर्चही जास्त, त्यामुळे प्रकरण विसरलं गेलं. 1873 मध्ये थॉमसन वारलेही होते. डनलॉप यांना याचा पत्ता नव्हता, पण कायद्याला त्याच्याशी काय देणंघेणं? त्यांचं पेटंट रद्दबातल ठरलं.

कंपनी तरली ती दुसऱ्यांच्या पेटंटवर. डनलॉप यांचा टायर रिमला चिकटवलेला असायचा, त्यामुळे पंक्चर काढणं म्हणजे डोक्याला ताप. 1890 मध्ये चार्ल्स वेल्च यांनी टायरच्या कडेत तार घातली आणि रिमला मध्ये खोलगट खाच दिली. त्यामुळे टायर सहज काढता-घालता येऊ लागला. आज एसयूव्हीच्या 20-21 इंची अलॉय व्हीलवर टायर बसतो तो याच तत्त्वावर. म्हणजे गाडीत हवा डनलॉप यांची (खरं तर थॉमसन यांची!) आणि रिम वेल्च यांची.

1895 मध्ये डनलॉप कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी ती 30 लाख पाउंडांना विकली गेली. त्या घबाडात त्यांचा वाटा अगदीच किरकोळ. कंपनीने नाव आणि चेहरा मात्र सोडला नाही. जाहिरातींत त्यांना उंच टोपी घातलेला, नटलेला छैलछबिला दाखवायचे आणि साध्या राहणीच्या डनलॉप यांना ते अजिबात रुचत नव्हतं. 1921 मध्ये, 81 व्या वर्षी डब्लिनमध्ये त्यांचं निधन झालं.

पुढे उत्तर आयर्लंडच्या नॉर्दर्न बँकेने 10 पाउंडांच्या नोटेवर त्यांचा चेहरा छापला. दाढीसकट, पण टोपीशिवाय.